पिवळी असताना निळी कशाला

मंगळ., ४ नोव्हें.

आज चहाला परत दुसऱ्या गाडीचा विषय. पहिलीला येऊन अजून पंधरा दिवस झाले नाहीत. पाडव्याला आली, बोनेटवरचं कुंकू अजून गेलं नाही.

म्हणून आजपासून लिहून ठेवायचं. या घरात सकाळी बोललेलं दुपारी कुणी कबूल करत नाही. "मी आसं म्हणलोच न्हाई, आज्जी." आता वहीत राहील. मला अक्षर येत नाही. मी बोलते, थोरल्या नातवाची बायको स्वाती लिहिते. माझं बोलणं ती जरा इस्त्री करून लिहिते, म्हणते वाचायला बरं पडतं. कर बाई. पण अर्थाला सुरकुती पडली तर बघून घेईन.

नावं पूर्ण लिहायचा हिला कंटाळा. दी. म्हणजे दीपक, थोरला, हिचा नवरा. यो. म्हणजे योगेश, धाकटा, त्याचं नेवाशाला लग्न ठरलंय. त्यांची आई सुमन, माझी सून, तिचं नाव आधीच आखूड. माझा लेक असता तर त्याचंही लिहिलं असतं.

तर विषय. यो. म्हणतो अजून एक घ्यायची, निळी. दी. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, चहा फुंकत बसतो. चहा गार झालेला. गार चहा फुंकणारा माणूस काहीतरी लपवतो.

निळी येणार विहिरीच्या रानातून. बाकी जमीन सुप्याकडच्या गोडाऊनवाल्यांना गेली, हा एवढा तुकडा माझ्या नावावर उरलाय. म्हणजे माझा अंगठा लागणार.

म्हणून आज बशीत दोन बिस्किटं होती. रोज एक असतं.

गुरु., ६ नोव्हें.

पिवळीत बसले. बसले म्हणजे मला दोघांनी खाली सोडलं, विहिरीत बादली सोडतात तसं. सीट जमिनीला टेकलेली. एवढ्या मोलाची गाडी अन् बसायचं पाटावर बसल्यासारखं. पुढं ताट तेवढं नाही.

दी. म्हणाला, "आज्जी, नगरला चक्कर मारून येऊ. कागदावर आता अहिल्यानगर हाय, पण रस्ता त्योच."

नगर राहिलं, शाळेपर्यंत गेलो. शाळेपुढच्या ब्रेकरवर गाडीचं पोट टेकलं. घर्र्र असा आवाज, जात्यात खडा सापडल्यासारखा. पुढं जाईना, मागं येईना. पाचजण आले, फळ्या घातल्या, कांद्याच्या रिकाम्या गोण्या घातल्या, मग तिरकी करून काढली. मी आत तशीच. उतरवायला जास्त वेळ लागला असता.

आता गंमत. हा ब्रेकर दीपकनंच करून घेतलेला. पंचायतीत मेंबर असताना. टेम्पो जोरात जातात, पोरं शाळेत जातात, म्हणून अर्ज दिला आणि काम चाललं तेव्हा स्वतः उभा राहून म्हणाला होता, "अजून उंच करा." मी तिथंच होते, पाणी घेऊन गेले होते.

गाडी घेताना शेडची मापं घेतली. फाटकाची घेतली. पोटाखालचं माप कुणी घेतलं नाही.

परत येताना पुन्हा घर्र्र. घरात सुमनला ऐकू आलं. म्हणाली, "आत्याबाई, तुमी आलात हे चहा ठेवायच्या आधीच कळलं."

रवि., ९ नोव्हें.

आज यो. नं मला समजावून सांगितलं दोन का लागतात. वही आण म्हटलं, लिहून घे म्हटलं, तेव्हा जरा सावरून बोलला.

म्हणे पिवळी लांबच्या प्रवासाची. तिच्यात बसून माणूस थकत नाही. निळी नुसती जोरात पळवायची. "आज्जी, एका गाडीत दोन्ही गुण बसत न्हाईत. एकच ठेवली की दोन्हीकडं तडजोड."

"कुठं पळवायची?"

"पुण्याच्या पुढं मैदान हाय. तिथं गोल गोल पळवतात."

"गोल? म्हंजी परत हितंच?"

हसला.

मग मी सीटा मोजल्या. पिवळीत दोन माणसं. निळीतही दोनच. दी. आणि स्वाती एकीत. यो. आणि येणारी नवरी दुसरीत. चार झाले. सुमन अन् मी? विचारलं तर म्हणाला, "तुमच्यासाठी जुनी जीप हाय की!"

जीपला ब्रेकर लागत नाही, हे खरं.

पण मला एक कळेना. दोन माणसांची गाडी एक असली तर कुणी बसायचं यावर घरात बोलावं लागतं. आज तू, उद्या मी. दोन झाल्या की बोलायचं कारण संपलं. हा पोरगा गाडी मागतोय का न बोलण्याची सोय मागतोय?

स्वातीला म्हटलं हे शेवटचं खाली रेघ मारून लिही. मारली म्हणते. मला काय कळणार.

बुध., १२ नोव्हें.

आज डोळे उघडे ठेवून घरात फिरले. सापडलं ते असं.

स्वातीच्या पलंगाखाली नवा मिक्सर, खोका फोडलेला नाही. स्वयंपाकघरातला मिक्सर चांगला चालतो. विचारलं तर म्हणाली, भिंगारहून आईनं दिवाळीला दिला. दिला असेल. मग पलंगाखाली का? मिक्सर काय झोपतो?

गॅसची टाकी एक जास्त.

अंगणात फरशीवर चुन्याची रेघ. बरोबर मधोमध, तुळशीपासून फाटकापर्यंत. दी. ला विचारलं, म्हणाला योगेशनं मारली. यो. ला विचारलं, म्हणाला दादानं मारली. रेघ दुसऱ्या गाडीच्या शेडची आहे, हे मात्र दोघंही एका सुरात म्हणाले. शेडला चार रेघा लागतात. ही एकच होती.

आणि मोठं ते हे. नेवाशाहून नवरीचे मामा आले होते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. पोहे खाता खाता म्हणाले, "पिवळी झकास हाय. कुणाच्या नावावर?" दी. म्हणाला, "माज्या." मामा म्हणाले, "बरं." नुसतं बरं. पोहे अर्धे टाकले. त्या दिवसापासून निळी.

हे लिहिताना मिक्सरपाशी हिचं पेन अडलं. मला अक्षर वाचता येत नाही, पेनाचा आवाज कळतो.

गुरु., १३ नोव्हें.

संशय आला की झोप लागत नाही. वही पदराखाली घेऊन जैतूनकडं गेले. जैतून शेजारच्या गल्लीतली, तीस वर्षं शाळेत मास्तरीण होती, दोन्ही नातवांचे कान तिनं पिळलेत. म्हटलं, मास्तरीणबाई, काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाच, माझ्या लाजेसाठी काही गाळू नको.

तिनं वाचलं. चहा फुंकणारा माणूस लपवतो, आहे. मिक्सर झोपतो का, आहे. पेनाचा आवाज, तेही आहे. रेघ मारायला सांगितलेलं, रेघ मारलेली. एक शब्द खालीवर नाही.

जैतून ठसका लागेपर्यंत हसली. "आक्का, ह्या पोरीनं सोताच्याच विरोधात साक्ष लिहून ठिवलीय. आन् तुमी तिच्यावरच पहारा?"

परत आले. वही जागेवर ठेवली. स्वाती भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, "आज्जी, मास्तरीणबाईंनी माझ्या र्‍हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या का?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. या घरात संशयी मी एकटी नाही.

रवि., १६ नोव्हें.

दुपारी ऊन खात बसलो होतो. दी. बॅटरीनं चालणारं कापड घेऊन पिवळी पुसत होता. फिरतं गोल कापड. मी माझ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. याआधी पोरांना सांगितली नव्हती.

ह्यांच्याकडं शर्यतीचा एकच बैल, हिरा. दुसरा, राजा, माझ्या दिराचा, नानांचा. एका छकड्याला दोघांचे दोन जुंपायचे. तेव्हा बरेच जण असंच करत. एका घरानं शर्यतीचे दोन्ही पाळायचे म्हणजे दोघांना दूध, अंडी, मालिश, माणूस. एकेक परवडायचा.

बांधावरून हे आणि नाना वर्ष वर्ष भांडायचे. तोंडसुद्धा बघायचे नाहीत. पण जत्रा जवळ आली की नाना राजाला घेऊन दारात उभे. "वहिनी, चहा टाका." बास. भांडण तिथंच. बैल एकमेकांना ओळखायचे, मालकांना लाज वाटायची.

मग एका वर्षी ह्यांनी दुसरा बैल घेतला. स्वतःचा. पांढराशुभ्र. म्हणे आता कुणाच्या दारात जायला नको. जोडी पळाली, पहिली आली. गुलाल माझ्या लुगड्यावर पडला, आठ दिवस निघाला नाही. नाना आले नाहीत. पुढच्या जत्रेलाही आले नाहीत. मग आलेच नाहीत. ह्यांच्या मयतीला मात्र आले.

दी. कापड थांबवून ऐकत होता. मग म्हणाला, "आज्जी, बैल येगळे, गाडी येगळी."

"व्हय," म्हटलं, "बैल भूक लागली की हंबरतो तरी."

मग त्यानं परत पुसायला घेतलं. त्याच जागी. तिथली पिवळी आधीच लख्ख होती.

मंगळ., १८ नोव्हें.

निळी आली. दाखवायला. पुण्याचा माणूस घेऊन आला, काळा चष्मा, सावलीतही काढत नाही. शाळेपाशी घर्र्र झालं तेव्हाच मी सुमनला म्हटलं, पाहुणा आला.

गाडी नवी नाही, कुणीतरी आधी वापरलेली. का विकली, विचारलं. म्हणाला, "आजी, त्यांच्याकडं दोन होत्या. एकीला वेळच मिळेना."

मी यो. कडं बघितलं. तो चाकं बघत होता.

अजून विचारलं, ही नुसती उभी राहिली तर खराब होते का. तो म्हणाला, होते. बॅटरी बसते, टायर एका जागी चपटे होतात. अधूनमधून फिरवून आणावी लागते, नाहीतर घरातल्या विजेवर लावून ठेवायची.

म्हणजे चारा नाही खात, पण फिरवावी लागते. अन् दोन असल्या की दोन.

निळीचा आवाज पोटात लागतो. जैतूनच्या कोंबड्या तिकडं पळाल्या. यो. नं एक फेरी मारली. आला तेव्हा तोंडावर असं हसू, लहानपणी खाऊच्या डब्यात हात घालायचा तसं. त्या हसण्यापुढं माझं सगळं म्हणणं क्षणभर बारीक झालं. हेही लिही. खरं आहे ते.

निळी परत नेताना चष्मेवाला म्हणाला, "पुण्याला येऊन घेऊन जा, दोन दिवस घरी ठेवून बघा, मनात भरली तर कागद करू. अंगठा काय, कधीही." अंगठा कुणाचा, हे याला कुणी सांगितलं? मी विचारलं नाही. दोघंही फाटकाकडं बघत राहिले.

शुक्र., २१ नोव्हें.

शाईची डबी सापडली. निळी शाई, नवी, झाकणावर अजून प्लॅस्टिक. देवघराच्या फळीवर, कापसाच्या वातींमागं. कुणी ठेवली? दी. म्हणतो यो. नं. यो. म्हणतो दादानं. चुन्याच्या रेघेसारखंच.

त्यांना एक ठाऊक नाही. माझ्या अंगठ्याच्या रेषा खुरपून खुरपून झिजल्यात. रेशनच्या मशीनला तीन-तीनदा लावला तरी मशीन मला ओळखत नाही. मीच मला ओळखते ते पुरे.

डबी उचलली, बाजरीच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसली. आता भाकरी निळी झाली तर कळेल कोण शोधतंय.

चुन्याची रेघ आज नाही. सकाळी सुमननं पाइप लावून अंगण धुतलं. फक्त तेवढंच धुतलं. सुमन बोलत नाही, धुते.

सोम., २४ नोव्हें.

भांडण झालं.

यो. ला आज नेवाशाला जायचं होतं, नवरीची साडी पसंत करायला. पिवळी घेऊन जाणार, आठ दिवस आधी सांगितलेलं. सकाळी शेड रिकामी. दी. नगरला घेऊन गेलेला, काम होतं म्हणे. फोन उचलेना. यो. शेवटी कांद्याच्या टेम्पोत बसून गेला. नवा शर्ट. नवरीच्या घरी कांद्याचा वास घेऊन पोचला असणार.

संध्याकाळी दोघं अंगणात.

"दादा, मी आठ दिवस आधी सांगितलं हुतं."

"इसरलो. एवढं काय त्यात."

"इसरला न्हाईस. तुज्या नावावर हाय ना ती!"

"मग घे ना तुज्या नावावर! घे निळी! जा!"

दी. नं किल्ली फेकली. ती तुळशीच्या कट्ट्यावर आपटली. कुणी उचलली नाही. मग सुमननं उचलून देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली.

जेवायला आधी यो. बसला. तो उठल्यावर दी. बसला. एक घर, दोन पंगती.

स्वातीला मी सरळ विचारलं. वेगळं व्हायचं तुझ्या मनात आहे का? पेन थांबलं. म्हणाली, "आज्जी, वेगळं व्हायचं मी कधी म्हणाले नाही. पण एकदा वाटतं, आपलं स्वतःचं एक स्वयंपाकघर... डबे आपल्या हातानं लावलेले..."

हे लिही म्हटलं. लिहीना. मग लिहिलं.

मलाही वाटलं होतं, तिच्या वयाची असताना. नानांची बायको मीठ कुठं ठेवते यावरून मी तीन दिवस रडले होते. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

बुध., २६ नोव्हें.

चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, रोडगे. खंडोबाचा नैवेद्य.

आमच्यात घर एक तर नैवेद्य एक. वाटणी झाली की ज्यानं त्यानं आपापला मांडायचा. देवालाच आधी कळतं कोण वेगळं झालं. म्हणून आज सकाळपासून मी ताटांवर डोळा ठेवून. सुमननं एकच ताट वाढलं. बरं वाटलं. मग बघते तर ओट्यावर अजून एक ताट घासून पालथं घातलेलं. उगीच असेल. रोज नसतं ते तिथं.

तळी उचलायला पाच पुरुष लागतात. दोन शेजारचे, एक पुजारी, आणि हे दोघं. एका ताटाला पाचांचे हात. येळकोट म्हणताना सगळ्यांनी ताट तीनदा वर उचलायचं असतं. दी. चा हात अन् यो. चा हात शेजारी शेजारी लागले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. पण ताट सरळ वर गेलं, कुठं कललं नाही.

खोबरं-भंडारा उधळला. यो. च्या डोळ्यात गेला. दी. नं खिशातून रुमाल काढला. पुन्हा आत ठेवला.

पिवळी शेडमध्ये. किल्ली खिळ्याला. दोन दिवस कुणी हात लावत नाही. दी. म्हणतो, "त्याला न्यू द्या." यो. म्हणतो, "त्याची हाय." चष्मेवाला सांगून गेला होता उभी ठेवायची नाही. बघू.

शुक्र., २८ नोव्हें.

आज दोघांना समोर बसवलं. सुमन दारात उभी, स्वाती वही घेऊन. म्हटलं, मी अंगठा देते.

यो. चं तोंड फुललं. दी. नं मान खाली घातली.

म्हटलं, पण रीतीनं. आपल्यात वाटणी होते तेव्हा थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे वाटे पाडणारा लबाडी करत नाही. घरात सगळ्यांत थोरली मी. वाटे मी पाडते.

पहिला वाटा, पिवळी आणि निळी. दोन्ही. विहिरीचं रान विकून आणा. दोन्ही एकाच्याच नावावर.

दुसरा वाटा, मी. माझ्या गोळ्या-औषधांसकट, माझ्या या वहीसकट.

योगेश, तू धाकटा. उचल.

फ्रिजचा आवाज येत होता.

यो. म्हणाला, "आज्जी, ही कसली वाटणी? एकाला एक, एकाला एक..."

"तशी असती तर मी कशाला लागते? ती तुमी चुन्यानं आखली हुतीच की."

दी. म्हणाला, "त्यानं तुला उचललं तर मला दोन गाड्या. मी काय करू दोन्हीचं?"

"तेच मी महिनाभर इचारतेय."

यो. उठला. दारापाशी गेला, परत आला. "आज्जी, परवा सांगतो."

खरं सांगू, वाटे पाडताना मला वाटलं होतं हा लगेच उचलेल. मला. मनात एवढी खात्री धरली होती. आता लिहिताना वाटतंय, परवा का म्हणाला?

माझा डाव माझ्यावरच उलटला तर काय, हे मी वाटे पाडायच्या आधी का नाही बघितलं. गाडीचं पोट बघितलं नाही म्हणून पोरांना हसले होते.

रवि., ३० नोव्हें.

सकाळी शेडमध्ये दोघं. मी खिडकीतून.

पिवळी चालू होईना. सहा दिवस उभी. नुसती टकटक. यो. किल्ली फिरवतोय, दी. हात कमरेवर ठेवून उभा. किल्ली कुणी कुणाला मागितली, कुणी दिली, ते माझ्या नजरेतून निसटलं. देवघराशेजारी मी तेवढ्यात वाती करत होते आणि मला कळलंही नाही. पहारा देणारीला एवढं कळू नये.

दी. नं ट्रॅक्टर आणला. बॅटरीला बॅटरी जोडायची म्हणे, लाल-काळी वायर. एकानं ट्रॅक्टरवर बसायचं, एकानं गाडीत. एकट्याला जमत नाही.

"दे."

"थांब."

"आता?"

"आता!"

चार शब्द. मोजले. पिवळी गुरगुरली.

मग दोघंही आत बसले. दोनच सीटा, दोघं भाऊ. लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा. फाटकातून बाहेर जाताना मी हाक मारली, "कुठं?" दी. नं हात हलवला. तो हात येतो म्हणणारा होता का विचारू नको म्हणणारा, सांगता येत नाही. शाळेपाशी घर्र्र झालं.

दुपार झाली. फोन केला स्वातीनं. दी. म्हणाला, "पुण्यात हाय." पुण्यात कशाला? लाइन गेली.

पुण्यात चष्मेवाला आहे. दोन दिवस ठेवून बघा म्हणाला होता. त्याला अंगठा लागत नाही. गेले एका गाडीत, आले दोन गाड्यांत, असं होऊ शकतं. किंवा नको म्हणून तोंडानं सांगायला गेले असतील. नको सांगायला फोनही चालतो. पण या दोघांना फोनवर नीट नको म्हणता येत नाही, हे मी लहानपणापासून बघतेय. किंवा नुसते हिंडायला गेले असतील, बॅटरी भरायला. सगळं शक्य आहे. कशावरही विश्वास बसत नाही.

स्वातीला पिठाच्या डब्यात बघायला सांगितलं. डबी आहे. पण वरून जरा हललेली वाटते म्हणाली. बाजरी संपत आली म्हणून हलली असेल. का कुणी बघून परत ठेवली.

सुमननं संध्याकाळच्या भाकऱ्या टाकल्यात. विचारलं किती टाकल्या. म्हणाली, "सगळ्यांच्या, आत्याबाई. एकाच दुरडीत."

यो. नं परवा सांगतो म्हटलं होतं. परवा म्हणजे आज.

दिवेलागण झाली. शाळेकडून गाडी येतेय. आवाज ओळखीचा आहे, पण लांबून एक का दोन ते कळत नाही, एकामागं एक असल्या तर एकच वाटतात. ब्रेकरवर कळेल. पोट एकदा घासलं तर एक. दोनदा घासलं तर...

घर्र्र. एकदा.

स्वाती, पेन थांबव. अजून काही लिहू नको. ऐकू दे.